लपलात तर थांबा, दिसलात तर पळा : लढाऊ हेलिकॉप्टर नव्याने शिकणाऱ्यांसाठी

बातम्यांत ‘हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं’ असं वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो, घिरट्या की हॉवर? मराठीत दोन्हीला आपण सर्रास घिरट्याच म्हणतो. पण माळरानावर पक्षी बघणाऱ्याला फरक लगेच कळेल. घार घिरट्या घालते, गोल गोल फिरते. कापशी मात्र गवताच्या वर एका जागी पंख फडफडवत थांबते, मान खाली, नजर उंदरावर. ते हॉवर. तेवढ्या वेळात कापशीला सगळं माळरान दिसतं आणि सगळ्या माळरानाला कापशी दिसते. या लेखातलं निम्मं दुखणं या एका गोष्टीत आहे.

हा लेख सिम्युलेटरवर लढाऊ हेलिकॉप्टर उडवायला नुकती सुरुवात केलेल्यांसाठी आहे. युद्धाच्या बातम्या वाचून ‘ते हेलिकॉप्टर असं का उडत होतं’ असा प्रश्न पडणाऱ्यांनाही चालेल. नवशिक्याचा प्रवास ठरलेला असतो. पहिले दोन आठवडे हॉवर जमत नाही. हेलिकॉप्टर दारू प्यायल्यासारखं डुलतं. मग एक दिवस हात बसतो. नाशिक रोडला लष्कराच्या स्वतःच्या हेलिकॉप्टर दलाची (आर्मी एव्हिएशन) प्रशिक्षण शाळा आहे, तिथल्या शिकाऊ वैमानिकांनाही हीच पायरी चढावी लागते. आपल्याकडे फरक इतकाच, की हॉवर जमल्याच्या आनंदात आपण थेट रणांगणावर जातो, शत्रूसमोर ऐटीत अधांतरी थांबतो आणि मरतो. मी असा किती वेळा मेलो ते मोजणं सोडून दिलं.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. हॉवर म्हणजे जमिनीच्या संदर्भात स्थिर. ‘रनिंग फायर’ म्हणजे पुढे जात जात मारा, साधारण सपाट उड्डाणात. ‘डायव्हिंग फायर’ म्हणजे उंचावरून नाक खाली करून सूर मारत मारा. पुढे मी यांना हॉवर, धावता मारा आणि सूर मारणं असं म्हणेन.

पहिलं काम : थांबता येतंय का ते बघा

हॉवर म्हणजे विश्रांती, असा पक्का गैरसमज असतो. प्रत्यक्षात हॉवर हे हेलिकॉप्टरच्या सगळ्यात कष्टाच्या कामांपैकी एक. गणेशोत्सवातली स्लो सायकलची स्पर्धा आठवा. वेगात कुणीही सायकल चालवतो. जागच्या जागी तोल सांभाळताना घाम फुटतो. हेलिकॉप्टर थांबलेलं असताना पंखा स्वतःच खाली ढकललेल्या, ढवळलेल्या हवेत फिरत राहतो. पुढे सरकलात, साधारण १६ ते २४ नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) दरम्यान गेलात, की पंख्याला ताजी हवा मिळू लागते. सिम्युलेटरमध्येही हा क्षण हाताला कळतो : एक हलकीशी थरथर येते आणि यंत्र आपोआप वर उचललं जातं. वेग आणखी वाढवत ६० ते ८० नॉटच्या आसपास गेलात की उडत राहायला लागणारी शक्ती सर्वांत कमी होते. त्याच्या पुढे हवेचा विरोध वाढतो आणि खर्च पुन्हा चढतो.

दुसरी मेख जमिनीची. जमिनीपासून पंख्याच्या एका व्यासाच्या आत असाल तर खाली जाणारी हवा जमिनीवर दबते आणि थोडा आधार देते. अपाची या अमेरिकन लढाऊ हेलिकॉप्टरच्या पंख्याचा व्यास १४.६३ मीटर आहे, म्हणजे हा आधार त्याहून वर गेलं की संपला. लढाईतला हॉवर मात्र झाडांच्या शेंड्यांपाशी किंवा टेकडीआड असतो, म्हणजे बहुतेक वेळा या आधाराच्या बाहेर. धावपट्टीवर दोन मीटरवर हॉवर जमला म्हणून झाडांच्या उंचीवर जमेल असं नाही.

आणि मग उंची. ४,५०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्के उरते. उन्हाळा असेल तर आणखी कमी. पंखा तोच, इंजिन तेच, पण चावायला हवाच कमी. म्हणून निघण्याआधी तीन आकडे पाहायची सवय लावा : वजन, उंची, तापमान. त्यावरून जमिनीच्या आधाराशिवाय हॉवर करायला किती शक्ती लागेल ते काढा. हाताशी असलेल्या शक्तीत आणि त्यात सात-आठ टक्क्यांचंही अंतर नसेल, तर त्या दिवशी हॉवर विसरा. हा माझा ढोबळ नियम आहे, पुस्तकातला नाही. रॉकेटचा एक डबा उतरवून ठेवणं हा नवशिक्यांना कधीच न सुचणारा, पण सगळ्यात स्वस्त उपाय.

मार्च २००२ मध्ये अफगाणिस्तानातल्या शाह-ई-कोट दरीत अमेरिकन सैन्याने ऑपरेशन अ‍ॅनाकोंडा केलं, तेव्हा हाच हिशेब समोर उभा ठाकला. दरीचा तळच २,००० मीटरहून उंच, भोवतीचे डोंगर त्याहून वर, आणि त्या डोंगरांवर मशीनगन घेऊन बसलेले लोक. अपाचींचे वैमानिक मुळात आडोशामागे थांबून रणगाडे टिपायला शिकलेले होते. इथे थांबण्याइतकी हवाही नव्हती आणि आडोसाही नव्हता. शत्रू वरून खाली बघत होता. ते धावता मारा करत राहिले. पहिल्याच दिवशी बहुतेक अपाचींना गोळ्या लागल्या, पण शत्रूला एकही पाडता आलं नाही.

आपलं ‘प्रचंड’ हे हलकं लढाऊ हेलिकॉप्टर याच गणितातून जन्माला आलं. ३ ऑक्टोबर २०२२ ला जोधपूरला ते हवाई दलात दाखल झालं. ते इतरांपेक्षा बारीक दिसतं त्याला कारण आहे. सियाचीनच्या उंचीवर उतरायचं, तिथून उडायचं, तर अंगावर फाजील वजन चालत नाही.

दुसरं काम : ‘मला कोण बघतंय?’

नवशिका नकाशा उघडतो आणि विचारतो, मला लक्ष्य कुठून दिसेल? हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा. पहिला प्रश्न : तिथे मी थांबलो तर मला कोण कोण बघेल, आणि ज्याला दिसेन त्याच्या हातात काय आहे?

त्या हातातल्या वस्तूंवर सगळं अवलंबून आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आरपीजी-७ चं रॉकेट साधारण ९०० मीटरवर आपोआप फुटतं. हे शस्त्र रणगाड्यांसाठी, हेलिकॉप्टरवर धरणं म्हणजे उडत्या पाखरावर गोफण. पण पाखरू उडतच नसेल तर? ३ ऑक्टोबर १९९३ ला सोमालियातल्या मोगादिशूमध्ये दोन ब्लॅक हॉक आरपीजीने पडली. ती लढाऊ हेलिकॉप्टरं नव्हती, पण धडा आपल्याच कामाचा : शहरावर, कमी उंचीवर, कमी वेगाने, त्याच त्याच वर्तुळात फिरणं. म्हणजे फिरत राहिलात म्हणून तुम्ही ‘हलते’ ठरत नाही. पुढच्या फेरीला तुम्ही कुठे असाल हे खालच्याला कळत असेल, तर तुम्ही त्याच्या लेखी उभेच आहात.

१२.७ मिलिमीटरची जड मशीनगन दीड-दोन किलोमीटरपर्यंत त्रास देते. इथे एक छोटं गणित करून बघा. १०० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ५१ मीटर. एक किलोमीटरवरच्या गोळीला पोचायला दीड-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात हेलिकॉप्टर ७५ ते १०० मीटर पुढे गेलेलं असतं, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या पाच-सहापट. नेमबाजाला तेवढं पुढे धरून गोळी घालावी लागते, आणि तुम्ही तेवढ्यात थोडं जरी वळलात तर त्याचा हिशेब चुकतो. हॉवरमध्ये हे सगळं शून्य. तो जिथे बघतो तिथेच गोळी जाते.

पण हे गणित आडव्या जाणाऱ्या हेलिकॉप्टरचं आहे. सरळ नेमबाजाच्या अंगावर जाणारं हेलिकॉप्टर १५० नॉटने गेलं तरी त्याच्या नजरेला एका जागीच मोठं मोठं होत जातं. म्हणून धावता हल्ला थोडा तिरकाच हवा.

शिल्का ही रडार असलेली चार नळ्यांची २३ मिलिमीटरची तोफगाडी, टप्पा अडीच किलोमीटर. तिच्या टप्प्यात शिरून वेगाच्या भरवशावर राहू नका. हिशेब तिचं यंत्र करतं.

आणि खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं : स्टिंगर, इग्ला, स्ट्रेला. टप्पा चार-पाच किलोमीटरच्या आसपास. इथे नवशिक्यांची सगळ्यात मोठी गफलत होते. गती गोळीला चकवते, क्षेपणास्त्राला नाही. स्टिंगर ध्वनीच्या दुप्पट वेगाने येतं, तुमच्या १०० आणि १५० नॉटमध्ये त्याला काही फरक पडत नाही. त्याला चकवतं ते डोंगर मध्ये आणणं, इंजिनाची उष्णता दडवणं आणि फ्लेअर, म्हणजे उष्णतेमागे येणाऱ्या क्षेपणास्त्राला भुलवायला सोडलेले जळते गोळे.

कारगिल आठवतंय? २८ मे १९९९ ला तोलोलिंगवर रॉकेट मारायला हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरं गेली होती. इतक्या उंचीवर लादलेलं एमआय-१७ थांबवणं शक्यच नव्हतं. ती धावत्या माऱ्यावरच होती. त्यातलं एक पाकिस्तानी बाजूने डागलेल्या स्टिंगरने पडलं, चौघेही गेले. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर सोडायची यंत्रणा नव्हती. त्यानंतर एमआय-१७ अशा हल्ल्याच्या कामातून मागे घेतली गेली. ‘हलत राहा म्हणजे वाचाल’ एवढाच धडा घेऊन जाणाऱ्यांनी हा दिवस लक्षात ठेवावा. हलणं हा निम्माच उपाय आहे.

तिसरं काम : शस्त्र काय म्हणतंय

थांबायचं की पळायचं हे पुष्कळदा वैमानिक ठरवत नाही, पंखाखाली टांगलेलं शस्त्र ठरवतं.

सुरुवात व्हिएतनामपासून झाली. १९६७ साली कोब्रा हे अमेरिकन लढाऊ हेलिकॉप्टर तिथे पोचलं तेव्हा त्याच्याकडे रॉकेटं आणि मशीनगन. उंचावरून सूर मारायचा, ओतायचं, वळायचं. मग टो आलं, तारेने जोडलेलं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र. मे १९७२ मध्ये अमेरिकन ह्यूई हेलिकॉप्टरांनी त्याने उत्तर व्हिएतनामच्या ताब्यातले रणगाडे फोडले. टप्पा पावणेचार किलोमीटरपर्यंत, पण क्षेपणास्त्र पोचेपर्यंत, म्हणजे वीसेक सेकंद, नजर लक्ष्यावर खिळवून ठेवायची. शांत, स्थिर बसलेलं हेलिकॉप्टर त्याला सोयीचं. त्याच सुमारास खांद्यावरची क्षेपणास्त्रंही व्हिएतनाममध्ये उतरली, त्यामुळे उंचावरून सूर मारणं महाग पडू लागलं. या दोन्ही गोष्टींनी मिळून शीतयुद्धातली पद्धत घडवली : जर्मनीतल्या झाडीत जमिनीलगत यायचं, झाडाआड थांबायचं, डोकं वर काढायचं, मारायचं, परत खाली. म्हणजे हॉवर ही काही हेलिकॉप्टरची नैसर्गिक लढाऊ मुद्रा नव्हे. एका ठरावीक शस्त्रासाठी, एका ठरावीक देशातल्या झाडीत आणि सरळ समोरून येणाऱ्या रणगाड्यांसाठी बसवलेली ती बैठक आहे.

रशियनांनी वेगळा रस्ता धरला. त्यांच्या एमआय-२४ या लढाऊ हेलिकॉप्टरच्या अंगाला खरेखुरे छोटे पंख आहेत. वेगात असताना एकूण भाराचा साधारण चौथा हिस्सा ते उचलतात. थांबलात की तो हिस्सा गायब, शिवाय तेच पंख पंख्याची हवा अडवतात. एमआय-२४ मध्ये बसून अपाचीसारखं झाडामागे थांबायचा हट्ट धरू नका. अफगाणिस्तानात लादलेली एमआय-२४ हॉवर करून उठायच्या ऐवजी विमानासारखी धावपट्टीवर पळत सुटायची, यात सगळं आलं.

सिम्युलेटरसाठी ढोबळ वाटणी अशी ठेवा. रॉकेटं आणि तोफ बहुतांशी धावता वापरा. विशेषतः रॉकेट हॉवरमधून सोडलं तर पंख्याचा खाली येणारा झोत त्याचं नाक फिरवतो आणि मारा विखुरतो. वेगात ते सरळ जातं. लेझरवर चालणारं अपाचीचं हेलफायर क्षेपणास्त्र आठ किलोमीटरपर्यंत जातं, पण तेवढ्या लांब पोचायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घेतं. तेवढा वेळ लक्ष्यावर लेझर तुम्हीच धरणार असाल तर लपायची सोय आधी बघा. लेझर दुसरा कुणी धरणार असेल, जमिनीवरची तुकडी किंवा जोडीदार, तर तुम्ही टेकडीआडूनच सोडून मोकळे. लाँगबो अपाचीच्या पंख्याच्या वर चकतीसारखं रडार आहे. झाडांच्या वर फक्त ती चकती काढायची, बाकी सगळं हेलिकॉप्टर खाली. रडारवर चालणारं हेलफायर सोडलं की वाट बघायचं कारण नाही. ही हॉवरची सर्वांत सुरक्षित तऱ्हा, कारण त्यात हेलिकॉप्टर दिसतच नाही.

चौथं काम : थांबायचं ठरलं, तर कसं

जागा निवडताना आधी पाठ बघा. मागे टेकडी किंवा झाडी असली तर हेलिकॉप्टर तिच्यात विरघळतं. मागे आकाश असलं तर ते चार किलोमीटरवरून काळ्या ठिपक्यासारखं उठून दिसतं. म्हणून डोंगराच्या धारेवर कधीच नाही, धारेच्या अलीकडे, उतारावर. सूर्य शक्यतो तुमच्या पाठीशी.

झाडांच्या अगदी अंगाला चिकटू नका. पंख्याच्या वाऱ्याने शेंडे डोलायला लागले की पलीकडच्याला कळतं. वाळूत, नांगरलेल्या रानात थांबलात तर धुळीचा खांब उठतो. स्वतःला काही दिसत नाही आणि दुसऱ्यांना तुमचा पत्ता मैलांवरून. हॉवर गवतावर, खडकावर.

नाक वाऱ्याकडे. पाठीमागून वारा असला की शक्ती जास्त लागते आणि शेपूट सरळ ठेवायला पेडलवर नाचावं लागतं.

आता डोकं बाहेर काढायचं. दोन रीती आहेत, सरळ वर चढणं किंवा आडोशाच्या बाजूने सरकणं. मी शक्य तिथे बाजूने सरकतो. त्याला शक्ती कमी लागते, मागचा डोंगर मागेच राहतो, आणि परत लपायला सायक्लिकचा (पुढे-मागे, बाजूला नेणाऱ्या दांड्याचा) एक झटका पुरतो. वर चढायचा एकच फायदा : परतताना फक्त कलेक्टिव्ह (वर-खाली नेणारा दांडा) खाली. पण तिथेच सापळा आहे. घाबरून कलेक्टिव्ह खाली दाबलंत, वेग नाही, आणि मिनिटाला ३०० फुटांपेक्षा जास्त गतीने सरळ खाली येऊ लागलात, की हेलिकॉप्टर स्वतःच्याच खालच्या भोवऱ्यात अडकू शकतं. मग जितकी शक्ती द्याल तितकं खाली जातं. त्यातून सुटायचं तर नाक पुढे किंवा बाजूला टाकून त्या हवेतून बाहेर पडा, नुसतं कलेक्टिव्ह ओढू नका. झाडांच्या उंचीवर यासाठी जागा नसते, म्हणून तिथे भोवऱ्यात अडकायचंच नाही.

बाहेर असताना मी मनात दहा मोजतो. दहापर्यंत लक्ष्य पकडता आलं नाही तर परत आत, मग ते कितीही जवळ वाटो. आणि दुसऱ्यांदा डोकं काढायचं ते त्याच जागेवरून नाही. शंभर-दोनशे मीटर सरकून, वेगळ्या झाडाआडून. पहिल्यांदा ज्याला तुम्ही दिसलात तो आता त्या जागेवर नळी रोखून बसलेला आहे. हा नियम मोडणाऱ्यांची यादी करायची झाली तर माझं नाव वर असेल.

हॉवरमध्ये असताना गोळी लागली किंवा इशारा वाजला तर हात आपोआप वर चढायला बघतो. वर काही नाही. नाक खाली, उताराच्या दिशेने, उंची विकून वेग घ्या. म्हणूनच मी थांबायची जागा निवडतानाच पळायची वाट ठरवतो : मागे किंवा बाजूला खोलगट जागा असलीच पाहिजे. ती नसेल तर ती जागा हॉवरची नाही.

पाचवं काम : धावता हल्ला

याचे नियम कमी, पण चुकीला माफी नाही. लक्ष्यापासून आठ-दहा किलोमीटरवर नकाशावर ओळखू येईल अशी एक खूण धरा, पूल, तळं, रस्त्याचा फाटा. तिथपर्यंत जमिनीलगत. तिथून दिशा पक्की, वेग १०० ते १२० नॉट. रेषा थोडी तिरकी. मारा करा आणि लक्ष्याच्या आधीच वळा. लक्ष्यावरून उडून जायचा मोह प्रत्येकाला होतो, कारण खाली काय झालं ते बघायचं असतं. खालच्यांनाही त्याच क्षणाची वाट असते. वळताना फ्लेअर सोडा, आणि वळणारा पाठ दाखवत असताना जोडीदाराचा मारा सुरू असला पाहिजे. दुसरी फेरी वेगळ्या दिशेने. बस.

कर्बला : एकाच आठवड्यात दोन धडे

हे प्रकरण मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. २००३ मध्ये इराकवर चढाई सुरू झाल्यावर २३-२४ मार्चच्या रात्री अमेरिकेच्या ११व्या अटॅक हेलिकॉप्टर रेजिमेंटची तीसेक अपाची कर्बलाजवळच्या इराकी सैन्याच्या मदिना डिव्हिजनवर निघाली. निघताना धुळीतच एक आदळलं. वाट वस्तीवरून जाणारी. वैमानिकांनी नंतर सांगितलं, की एका क्षणी खालच्या गावांतले दिवे गेले आणि लगेच परत आले, आणि त्याबरोबर चहूकडून गोळीबार सुरू झाला. शीतयुद्धात शिकलेली चाल अशी, की ठरलेल्या जागी पोचायचं, थांबायचं, लांबून रणगाडे टिपायचे. पण त्या चालीत शत्रू समोर असतो, एका रेषेपलीकडे. इथे तो खाली होता, गच्चीवर, खजुराच्या बागेत, अंगणात. आडोसा कशाचा घेणार? जवळपास प्रत्येक हेलिकॉप्टर छिद्रं घेऊन परतलं, एक उतरावं लागलं आणि त्यातले दोघे पकडले गेले. दुसऱ्या दिवशी इराकी टीव्हीने जुनी बंदूक घेतलेला एक शेतकरी त्या अपाचीसमोर उभा केला, यानेच पाडलं म्हणून. खरं-खोटं सोडा, पण अपाचीचा दरारा त्या एका चित्राने उतरवला.

काही दिवसांत अमेरिकेच्याच १०१व्या डिव्हिजनची अपाची त्याच मदिना डिव्हिजनवर गेली. यावेळी तोफखाना आणि लढाऊ विमानं बरोबर होती, आणि हेलिकॉप्टरं थांबण्यापेक्षा धावत मारा करण्यावर भर देत होती. शत्रूच्या गोळीबारात त्यांनी एकही गमावलं नाही. हेलिकॉप्टर तेच, शत्रू तोच.

यावरून ‘हॉवर संपला’ असे लेख तेव्हा बरेच आले. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. जून २०२३ मध्ये युक्रेनने झापोरिझिया भागात, ओरिखिवच्या दक्षिणेला मोठा हल्ला सुरू केला, तेव्हा रशियन केए-५२ हेलिकॉप्टरांनी आपल्याच रेषेच्या मागे, जमिनीलगत राहून आठ-दहा किलोमीटरवरून विखर क्षेपणास्त्रं सोडली आणि पुढे येणारी चिलखती वाहनं टिपली. विखर लेझरच्या किरणावर बसून जातं, म्हणजे पोचेपर्यंत नाक लक्ष्याकडे स्थिर हवं. केए-५२ ला एकावर एक असे दोन पंखे आहेत, शेपटाचा पंखा नाही. हॉवरमध्ये ती स्वस्थ बसते. त्यांना ते परवडलं, कारण पुढे येणाऱ्या युक्रेनी तुकड्यांपाशी तेवढ्या लांब पोचणारं विमानविरोधी शस्त्र पुरेसं नव्हतं. त्याच केए-५२, आदल्या वर्षी २४ फेब्रुवारीला कीव्हजवळच्या होस्तोमेल विमानतळावर थेट शत्रूच्या डोक्यावर गेल्या तेव्हा पडल्याही होत्या.

आणि आता ड्रोन. २०२४ मध्ये कुर्स्क भागात एका रशियन एमआय-२८ हेलिकॉप्टरला छोटा ड्रोन हवेतच धडकल्याचं चित्रीकरण युक्रेनने प्रसिद्ध केलं. शंभर नॉटने जाणाऱ्या हेलिकॉप्टरचा पाठलाग अशा ड्रोनला कठीण जातो. थांबलेलं मात्र त्याला टाकीवर बसलेल्या कबुतरासारखं. झाडाचा आडोसाही त्याच्यापुढे कामाचा नाही, तो वरून येतो. म्हणून मी अलीकडे आडोशामागेसुद्धा मिनिटभराहून जास्त एका जागी राहत नाही.

रात्रीबद्दल थोडक्यात : अंधार हा उत्तम आडोसा आहे, पण शत्रूकडे रात्री बघायची साधनं नसतील तरच. १७ जानेवारी १९९१ च्या मध्यरात्रीनंतर आठ अपाचींनी इराकच्या सीमेजवळची दोन रडार ठाणी हेलफायरने उडवली आणि आखाती युद्धाला तोंड फुटलं. सपाट वाळवंट, झाडाचं पान नाही. तरीही फारशी गती न ठेवता नेम धरणं त्यांना परवडलं, कारण ते येणार हे समोरच्याला ठाऊकच नव्हतं.

सराव

एकदम मोहिमेवर जाऊ नका. पहिला आठवडा रिकाम्या नकाशावर, शस्त्रं लादून, झाडांच्या उंचीवर हॉवर, हळूहळू नकाशातल्या उंच भागात सरकत. कुठल्या उंचीवर तुमचं हेलिकॉप्टर नकार देतं ते हातानेच कळू दे. दुसरा आठवडा आडोसा, सरकणं, दहा मोजणं, परत, जागा बदलणं. लक्ष्य नको, फक्त हालचाल. मग एक मशीनगन ठेवा. एकच. ती जमली की शिल्का. खांद्यावरचं क्षेपणास्त्र सगळ्यात शेवटी, नाहीतर हौसच जाते.

प्रत्येक सरावानंतर रेकॉर्डिंग लावा, आणि ते तुमच्या कॉकपिटमधून नको. कॅमेरा शत्रूच्या मशीनगनमागे न्या आणि तिथून स्वतःला बघा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटत होतं की मी टेकडीआड होतो. माझं हेलिकॉप्टर टेकडीच्या धारेवर, मावळतीच्या केशरी आकाशासमोर, चाळीस सेकंद उभं होतं. मशीनगनवाल्याने गोळी झाडायला पस्तिसाव्या सेकंदापर्यंत वाट बघितली होती.